नहरींच्या शहरात पाण्यात कुठे खेळायचं?

गेल्या मे महिन्यात लेकीला घेऊन माहेरी आले होते. ती आठ वर्षांची आहे. दुपारचे तीन वाजलेले, पारा चाळिशी ओलांडलेला, कूलरमधलं पाणी संपत आलेलं. फरशीवर पालथी पडून तिने विचारलं, "आई, इथे पाण्यात कुठे खेळता येतं?"

मला पटकन उत्तर सुचेना, म्हणून आपल्या दहावीच्या ग्रुपवर विचारलं. अर्ध्या तासात उत्तरांचा ढीग पडला. शहराबाहेरचा वॉटर पार्क. एका मोठ्या हॉटेलचा पूल, तासाचे पैसे भरून. पोहण्याच्या तलावाची सकाळची बॅच, पण तिथे शिकवतात, खेळू देत नाहीत. एकाच्या शेतातली विहीर, पण तिला पायऱ्या नाहीत. आणि शेवटी सिडकोतल्या मैत्रिणीचं उत्तर : "आमच्याकडे घेऊन ये, आज नळ आहेत." बाहेरगावच्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. आपल्यापैकी कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही.

ज्या जागी पैसे लागत नाहीत, पाणी उथळ आहे आणि लहान मूल निर्धास्त सोडता येईल, अशी एकही जागा त्या यादीत नव्हती. त्याच आठवड्यात स्मरणिकेसाठी लेख पाठवण्याचा निरोप आला. "शहराच्या इतिहासावर काहीतरी लिही," असं बाईंनी सुचवलं होतं. मी संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारी. इतिहासात माझे गुण बाईंना चांगले आठवत असतील. तरी लेकीचा प्रश्न हाच इतिहासाचा प्रश्न आहे असं मला वाटू लागलं. आपलं शहर वसलं तेच मुळी पाण्याच्या हुशारीवर. मग त्यातल्या मुलांचं पाणी गेलं कुठे?

आपल्या लहानपणीचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, हे मुळातलं खडकी गाव. आफ्रिकेतल्या हबसाण म्हणजे आजच्या इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये इथे राजधानी वसवली. वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत पडून जाणारा. नदी म्हणावी तर खाम, जी उन्हाळ्यात ओढ्याएवढी होते. अशा जागी सैन्य, बाजारपेठ आणि हजारो माणसं ठेवायची तर पाणी आधी हवं. पुढच्या काही वर्षांत मलिक अंबरने ते आणलं. त्या कामाला आपण नहर-ए-अंबरी म्हणतो.

सातवीत आपण हे नाव पाठ केलं, पण नहर चालते कशी हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. शहराच्या उत्तरेला, हर्सूल-सावंगीच्या बाजूला डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी खोलवर साठून असतं. तिथे जमिनीखाली दगडी बांधकामाचा बोगदा खणला. बाजूच्या मातीतलं आणि मुरमातलं पाणी त्या बोगद्यात झिरपत राहतं. बोगद्याला शहराच्या दिशेने अगदी हलका उतार दिला, इतका हलका की पाणी थांबूही नये आणि जोरात वाहून बांधकाम पोखरूही नये. ठरावीक अंतरावर वरून खाली उतरायला विहिरीसारखी तोंडं ठेवली; गाळ काढायचा आणि दुरुस्ती करायची ती तिथून. शहराजवळ आल्यावर पाणी दगडी पाटांत आणि खापरी नळांत शिरायचं. नळात अडकलेली हवा निघावी आणि दाब सांभाळला जावा म्हणून मध्ये मध्ये उभे मनोरे बांधले. शेवटी ते मोहल्ल्यांच्या, मशिदींच्या, वाड्यांच्या हौदांत पडायचं. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. लोक बारा नहरी म्हणतात. बेगमपुऱ्याकडच्या नहरीला अजूनही थत्ते नहर असं घरगुती नाव आहे.

या सगळ्यात पंप नाही, इंधन नाही, वेळापत्रक नाही. पाणी डोंगरातून शहराकडे आपल्या वजनाने येतं. दिवसा येतं, रात्रीही येतं. आणि सतत येणाऱ्या पाण्याचा हौद भरला की वाहणारच. वाहत्या हौदापाशी लहान मूल काय करतं हे सांगायला बखरीचा आधार लागत नाही.

आठवीत विज्ञानाच्या सरांनी आपल्याला पाणचक्कीला नेलं होतं, आठवतं? बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याचं ते आवार. तिथली चक्की आणि हौद यांचं काम १७४४ मध्ये पूर्ण झालं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बंद नळातून काही किलोमीटर चालत येतं, एका उंच भिंतीवर चढतं आणि वरून खाली कोसळतं. त्या धारेने खालचं आडवं चाक फिरायचं आणि वरचं जातं फकिरांसाठी, प्रवाशांसाठी पीठ दळायचं. पाणी भिंतीवर चढतं कसं, असं विचारल्यावर सरांनी पिशवीतून प्लॅस्टिकची पारदर्शक नळी काढली होती. एक टोक वर धरलं, दुसरं खाली, आणि पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर येऊन थांबलं. "झरा भिंतीपेक्षा उंच आहे. पाण्याला फक्त त्याची उंची परत मिळते आहे," असं काहीसं ते म्हणाले होते. तेव्हा आपलं अर्धं लक्ष भिंतीवरून उडणाऱ्या तुषारांखाली कोण उभं राहतं याकडे होतं. सरांनी पाच मिनिटं पाठ फिरवली, ती मुद्दाम फिरवली असावी असं आता वाटतं.

त्या आवारातला लांबट हौदही बघण्यासारखा आहे. हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. मे महिन्याच्या दुपारी त्या दालनात उतरलं की अंगावरचा घाम सुकतो. ज्यांनी हे बांधलं त्यांना पाणी पिण्यापुरतं मोजून चालत नाही हे ठाऊक होतं. पाण्याने दळण व्हायचं, हवा गार व्हायची, वुजू व्हायचा, डोळ्यांना बरं वाटायचं. बीबी का मकबऱ्याच्या वाटेच्या मधोमध असलेले हौद आणि कारंजी त्याच विचारातून आलेली.

माझ्या आजीचं माहेर जुन्या शहरातलं. तिच्या सांगण्यात हौद हा शब्द इतक्या वेळा यायचा की लहानपणी मला वाटे, तिच्या काळात रस्त्यांपेक्षा हौद जास्त असावेत. मुली संध्याकाळी घागर घेऊन जायच्या आणि तास लावून परतायच्या. तिचे भाऊ विहिरीत पोहायला शिकले ते कमरेला सुकलेला भोपळा बांधून. काठावर एखादे काका दोर धरून बसायचे, आणि मूल तरंगायला लागलं की दर आठवड्याला भोपळ्याचा आकार कमी व्हायचा. आपल्या वर्गातल्या, जुन्या शहरात राहणाऱ्या मैत्रिणीच्या वाड्यात अंगणातला हौद आपण पाहिला आहे. तिच्या अम्मी त्याला 'हौज' म्हणायच्या. रमजान ईदला आपण शिरखुर्मा खायला गेलो तेव्हा तो कोरडा होता आणि त्यात सायकली ठेवल्या होत्या.

तो कोरडा कसा पडला, याची कहाणी कुणा एकाच्या चुकीची नाही. शहर वाढलं. रस्ते खोदताना, पाया घेताना खापरी नळ फुटले. विहिरीसारख्या तोंडांवर घरं झाली, काहींत कचरा गेला. बोअर खोल खोल जात राहिल्या तसं डोंगरपायथ्याचं भूजल खाली गेलं आणि बोगद्यात झिरपायला पाणी उरेना. नहर दुरुस्त करणारी माणसं म्हातारी झाली. आणि हे होत असताना कुणाला फारशी काळजी वाटली नाही, कारण दुसरीकडून मोठं पाणी येत होतं.

ते मोठं पाणी म्हणजे जायकवाडी. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ धरणाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. नाथसागराची साठवण शंभर टीएमसीहून अधिक. मराठवाड्याच्या शेतीसाठी बांधलेल्या या धरणातून शहराला पिण्याचं पाणी मिळू लागलं, आणि १९७० नंतर इथे आलेले कारखाने, सिडकोच्या वसाहती, वाळूज, आपली घरं, आपल्या वडिलांच्या नोकऱ्या, सगळं त्या पाण्यावर उभं राहिलं. जायकवाडीला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नाही.

पण एक फरक आहे, आणि सरांच्या त्या नळीत तो दिसतो. नाथसागर पूर्ण भरला तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. आपलं शहर साधारण ५७० मीटरवर. म्हणजे पाणी ४५ ते ५० किलोमीटर चालवत आणायचं आणि शिवाय शंभरहून अधिक मीटर वर चढवायचं. मलिक अंबरचं पाणी उतरत यायचं, आपलं पाणी चढत येतं. चढणाऱ्या प्रत्येक लिटरला वीज लागते, पंप लागतो, जलवाहिनी लागते. वीज गेली की पाणी थांबतं, जलवाहिनी फुटली की थांबतं. ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जुन्या जलवाहिन्यांवर २०११ च्या जनगणनेतली सुमारे पावणेबारा लाख माणसं अवलंबून होती. मग पाणी पाळीने सोडायचं, पाळी दिवसाआड, तीन दिवसांआड, आठवड्याने. असं पाणी आलं की ते आधी टाकीत जातं, मग पिंपात, मग कळशीत, मग झाकणाखाली. त्यातलं एक भांडंही मुलांच्या हाती लागू द्यायचं नसतं. वाहत्या पाण्याशी मूल खेळू शकतं. साठवलेल्या पाण्यापासून त्याला लांब ठेवावं लागतं. आपल्या शहरातल्या मुलांचं पाणी गेलं ते इथे.

आपली पिढी या दोन्हींच्या मध्ये वाढली. आपल्या वाट्याला पाण्याचे खेळ आले ते तुकड्यातुकड्यांनी. कूलरमध्ये बादलीने पाणी भरायचं काम आपण आनंदाने करायचो, कारण निम्मी बादली भावाच्या अंगावर जायची. हापशाखाली डोकं धरायचो. पावसाळ्यात वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यापाशी धबधब्याचे तुषार अंगावर घ्यायचो. आणि सहल पैठणच्या ज्ञानेश्वर उद्यानात गेली की रात्रीच्या रंगीत कारंज्यांसाठी बस उशिरा सोडा म्हणून बाईंच्या मागे लागायचो. एवढंसं पाणी, पण ते सगळ्यांचं होतं आणि कुणीतरी मोठं माणूस जवळ असायचं.

ज्यांना एवढंही पुरत नव्हतं ते खदानीवर जायचे. हे लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. नववीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात आपल्या 'ब' तुकडीतला एक मुलगा खदानीत बुडाला. नाव लिहीत नाही, आपल्या सगळ्यांना ते माहीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली. बाईंनी जुन्याच क्रमाने हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि त्याच्या नावापाशी आल्यावर सवयीने ते नाव घेतलं. वर्गात कुणी काही बोललं नाही. बाईंनी हजेरीपत्रक मिटलं आणि त्या दिवशी पुढची नावं घेतलीच नाहीत.

त्यानंतर घराघरांतून एकच नियम झाला : पाण्याजवळ जायचं नाही. मीही तो पाळला. चाळिशी उलटली तरी मला पोहता येत नाही. आज आई म्हणून विचार करते तेव्हा वाटतं, तो नियम भीतीपोटी झाला आणि समजण्यासारखा होता, पण तो अर्धाच होता. खदान ही दगड काढून झालेली खोल जागा. तिच्या कडा सरळ तुटलेल्या असतात, पाणी गढूळ असतं, पहिल्या पावलाला गुडघा आणि दुसऱ्याला पुरुषभर खोली. तो मुलगा तिथे गेला, कारण उन्हाळ्यात त्याच्या वस्तीजवळ तेवढंच फुकट पाणी होतं. आजीच्या भावांना भोपळा मिळाला होता आणि दोर धरणारे काका मिळाले होते. त्याला यातलं काहीच मिळालं नाही. उकाड्यात मुलं पाणी शोधणारच. शहराने उथळ पाणी ठेवलं नाही, तर ती खोल पाणी शोधतात.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. २०१३ मध्ये जायकवाडी मृतसाठ्यात होतं. त्या वर्षी आपल्याकडे कोरडी होळी खेळा असं सांगितलं गेलं आणि ते बरोबरच होतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ज्या भागात बायका टँकरची वाट बघत रात्र काढतात, तिथे मुलांच्या खेळासाठी पाणी मागायला जीभ रेटत नाही. २५०० मिलिमीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीच्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. तिचं पाणी आधी त्या बायकांच्या घरी जावं. मुलांच्या खेळासाठी जायकवाडीचं एक थेंबही मी मागत नाही.

मी मागते आहे ते आपल्याच डोक्यावर पडणारं पाणी. मलिक अंबरने पावसाचं मुरलेलं पाणी उतारावरून आणलं. आपल्याकडे शाळेचं छप्पर आहे. थोडं गणित मांडते, सरांनी तपासून घ्यावं. छप्पर १००० चौरस मीटर धरलं आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर, तर त्यावर सात लाख लिटर पाणी पडतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून दिलं, गळती-उडी वजा केली, तरी पाच लाख लिटर कुठे गेले नाहीत. आता सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि जेमतेम वीतभर म्हणजे १५ सेंटिमीटर खोल असा हौद धरा. त्यात ३६०० लिटर पाणी मावतं. मार्च ते मे या तीन महिन्यांत दर आठवड्याला पाणी बदललं आणि काढलेलं झाडांना घातलं, तर सुमारे ४५ हजार लिटर लागतील. उन्हाने उडून जाणारं आणखी वीस हजार धरू. एकूण ६५ हजार. म्हणजे दहा हजारी टँकर मोजले तर सात सुद्धा होत नाहीत, आणि छपरावरून हाती येणाऱ्या पाण्याचा तो सातवा-आठवा हिस्सा आहे. तेवढं पाणी उन्हाळ्यापर्यंत राखायला जमिनीखाली एक टाकी लागेल, पाणी गाळून फिरवायला छोटा पंप लागेल, क्लोरिनचं माप रोज बघावं लागेल. उरलेलं पाणी बोअरच्या बाजूला मुरवता येईल. आणि काठावर मोठं माणूस बसलेलं हवं, वीतभर पाणी असलं तरीही. शाळेच्या मुलांबरोबर आसपासच्या वस्तीतल्या लहानग्यांना सुट्टीत संध्याकाळी दोन तास येऊ द्यावं, अशी माझी मुख्याध्यापिकाबाईंना विनंती आहे.

प्रत्येक बॅच शाळेला काहीतरी भेट देते. मागच्या बॅचने पाण्याचा कूलर दिला, त्याआधीच्यांनी संगणक. आपल्या बॅचने हा हौद द्यावा असं मला वाटतं. त्यावर कुणाच्या नावाची पाटी नको. पण 'ब' तुकडीतल्या मित्राच्या घरी कळवून, त्यांची हरकत नसेल तर हौद सुरू करण्याचा दिवस त्यांना ठरवू द्यावा.

लेकीच्या प्रश्नाचं त्या दिवशी काय केलं, तेही सांगते. ग्रुपवरचा कुठलाच पत्ता जमला नाही. संध्याकाळी तिला पाणचक्कीला नेलं. सरांची नळी माझ्याकडे नव्हती, म्हणून हाताने दाखवत तिला सांगितलं की झरा भिंतीपेक्षा उंच आहे. तिने ऐकल्यासारखं केलं आणि जिथे तुषार येत होते तिथे जाऊन उभी राहिली. मी पाच मिनिटं पाठ फिरवली.

संमेलनाच्या दिवशी जेवणं झाली की मी छपराची मापं घेणार आहे. टेप मी आणते. दुसरं टोक धरायला कुणीतरी या.